मांजरासह सहाशे किलोमीटर : प्रवासामागचे इंजिनिअरिंग

मांजर आडवे गेले की दोन पावले मागे येऊन थांबायची आपल्याकडे पद्धत आहे. पण मांजरच आपल्याबरोबर गाडीत बसून लांबच्या गावाला निघाले तर काय करायचे, हे कोणत्याही आजीने सांगून ठेवलेले नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

परदेशात 'आरव्ही' नावाची मोटारघरे असतात. झोपायला बर्थ, छोटा ओटा, संडास, सगळे गाडीतच. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तसे यांचे बिऱ्हाड चाकांवर. तिकडे लोक कुत्री-मांजरे घेऊन हजारो किलोमीटर फिरतात. आपल्याकडे अशा गाडीला कॅराव्हॅन म्हणतात, आणि २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. आणि हा काही फक्त हौशी लोकांचा विषय नाही. २०२२ मध्ये युद्धामुळे युक्रेन सोडताना आपल्या काही विद्यार्थ्यांनी कुत्री-मांजरे मागे टाकली नाहीत. थंडीत सीमा ओलांडून ती विमानाने भारतात आणली. ती मुलेही आपल्यासारखीच होस्टेलवाली होती. बदली, नोकरी, घर बदलणे, काहीही निमित्त होऊ शकते.

आपण पेपरात येते तसे एक उदाहरण घेऊ. समजा, मे महिना आहे. नाशिकच्या इंदिरानगरहून नागपूरला जायचे आहे. अंतर सुमारे ६०० कि.मी., गाडी म्हणजे कॅराव्हॅन केलेली एक व्हॅन, आणि सोबत दोन मोठी मांजरे. सोडवा!

पायरी १ : न्यायचे की ठेवायचे?

कुत्रा माणसाला धरून राहतो, मांजर बरेचसे जागेला धरून राहते. ओळखीचा कोपरा, ओळखीचा वास, यावर त्याची सगळी भिस्त. चार दिवसांची सहल असेल तर मांजराला घरीच ठेवून रोज कोणीतरी येऊन खाऊ-पाणी देणे, हेच बहुतेक वेळा योग्य उत्तर असते. कायमचे घर बदलायचे असेल तरच पुढच्या पायऱ्या. आपल्याला मजा येते म्हणून मांजरालाही येईल, हे गृहीतक चुकीचे आहे.

पायरी २ : उष्णता

मांजराच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. आपल्यासारखा अंगभर घाम त्याला येत नाही, घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांमध्ये. अंग चाटून ते थोडेफार गार होते. कुत्रा धापा टाकतो ते नेहमीचे, पण मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले तर ती धोक्याची घंटा समजावी.

आता गाडीकडे बघू. भर दुपारी जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट सौरऊर्जा पडते. व्हॅनच्या काचा मिळून ३ चौ.मी. धरा आणि तिरप्या किरणांमुळे निम्मीच ऊर्जा आत आली असे धरा. तरी १५०० वॅट झाले, म्हणजे आत दीड किलोवॅटचा हीटर चालू! प्रकाश काचेतून आत येतो, डॅशबोर्ड आणि सीट तापतात, आणि गरम हवा बाहेर जाऊ शकत नाही. २००५ साली 'पेडिॲट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाहेर २२ ते ३६ अंश असताना उन्हात उभ्या केलेल्या मोटारीचे आतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढले, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. म्हणजे ढाब्यावर 'पाच मिनिटांत चहा घेऊन येतो' म्हणून मांजराला बंद गाडीत ठेवणे हा हलगर्जीपणा नाही, जिवावरचा खेळ आहे. एक माणूस कायम गाडीत, एसी चालू, किंवा मांजर आपल्याबरोबर पिंजऱ्यातून सावलीत. तिसरा पर्याय नाही.

पायरी ३ : जडत्व

मोकळे मांजर मांडीवर छान दिसते. पण न्यूटनसाहेबांना ते मान्य नाही. ४ किलोचे मांजर, गाडीचा वेग ताशी ६० कि.मी. म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. टक्कर होऊन ०.१ सेकंदात सगळे थांबले, तर त्वरण १६७ मी. प्रति सेकंद वर्ग आणि बल सुमारे ६६७ न्यूटन. म्हणजे ६८ किलो वजनाइतका धक्का, मांजराच्या स्वतःच्या वजनाच्या १७ पट. शिवाय घाबरलेले मांजर ब्रेकच्या पायाखाली शिरले तर टक्कर होण्याचे कारणही तेच ठरते.

म्हणून चालत्या गाडीत मांजर कडक पिंजऱ्यातच हवे आणि पिंजरा सीट बेल्टने किंवा पट्ट्याने गाडीला घट्ट बांधलेला हवा. दोन मांजरांना दोन पिंजरे. घरात कितीही गळ्यात गळे असले तरी भीतीने ती एकमेकांवरच तुटून पडू शकतात.

पायरी ४ : कान आणि पोट

आपल्याला २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येते, मांजराला ६० किलोहर्ट्झच्याही पुढे. गर्दीच्या वेळी इंदिरानगरच्या बोगद्यापाशी हॉर्नचा कल्लोळ आपल्याला नकोसा होतो, मग त्याचे काय होत असेल? पिंजऱ्यावर तीन बाजूंनी पातळ सुती कापड टाकावे, हवा खेळती ठेवावी. उजेड कमी, आवाज थोडा कमी, आणि आत घरच्या वासाची जुनी चादर.

पिंजरा प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधीच घरात उघडा ठेवावा आणि खाऊ त्यातच द्यावा. मग दहा मिनिटांची फेरी, मग अर्ध्या तासाची. आयत्या वेळी कोंबलेले मांजर सहाशे किलोमीटर ओरडणारच. लाळ गळणे, सतत ओरडणे, उलटी ही गाडी लागल्याची लक्षणे. औषध फक्त पशुवैद्याने सांगितलेले. आपली डोकेदुखीची गोळी तर मुळीच नाही. पॅरासिटामॉल मांजराला विषारी आहे, कारण त्याच्या यकृताला ते आपल्यासारखे निकामी करता येत नाही.

पायरी ५ : दार

गाडी थांबली, दार उघडले, मांजर निसटले. लांबच्या प्रवासातली सगळ्यात मोठी भीती हीच. अनोळखी माळरानावर घाबरलेले मांजर हाकेला ओ देत नाही, लपून बसते. उपाय म्हणजे आपले इंटरलॉकचे तत्त्व : पिंजऱ्याची कडी लागल्याशिवाय गाडीचे दार उघडायचे नाही आणि दार लागल्याशिवाय कडी काढायची नाही. एकाच माणसाने 'कडी लागली' असे मोठ्याने म्हणायचे. लिटर ट्रे वापरायला द्यायचा तोही बंद गाडीतच.

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा प्रश्न जुना आहे, आपण फोन नंबरचा पट्टा बांधू. त्याच्या जोडीला मायक्रोचिप. ती त्वचेखाली बसवतात, आकार साधारण तांदळाच्या दाण्याएवढा. ईअँडटीसीवाल्यांना आवडेल अशी ती वस्तू आहे. आत बॅटरी नाही. १३४.२ किलोहर्ट्झचा रीडर जवळ आणला की कॉइलमध्ये वीज निर्माण होते आणि चिप आपला १५ आकडी क्रमांक सांगते. मात्र हे जीपीएस नव्हे. मांजर कुठे आहे ते ती सांगत नाही, सापडलेले मांजर कोणाचे ते सांगते. तेही नोंदणीत आपला चालू फोन नंबर असेल तरच.

पायरी ६ : थांबलेली गाडी

कॅराव्हॅनमध्ये मुक्काम करायचा तर एसीसाठी इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून झोपायचा मोह होतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघांचा मृत्यू झाला. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचे तपासात पुढे आले. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मांजर असो वा माणूस, नियम एकच. झोपताना इंजिन आणि जनरेटर बंद, हवा खेळती, आणि गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. उकडत असेल तर लॉजवर खोली घ्या, पण आधी मांजर चालेल का ते फोन करून विचारा.

पायरी ७ : कायदा आणि वेळापत्रक

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याला हाल होतील अशा रीतीने नेणे गुन्हा आहे. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत कुत्री-मांजरांसाठी स्वतंत्र प्रकरणच आहे. प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला, निघण्याच्या किमान दोन तास आधी खाऊ-पाणी, उन्हाळ्यात दर चार तासांनी पाणी, मोठ्या मांजराला बारा तासांतून एकदा खाणे, आणि दिवस भरत आलेल्या मांजरीला न्यायचे नाही. रेबीजची लस आधीच दिलेली असावी. तरीही मांजर चावले किंवा बोचकारले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन लगेच डॉक्टर गाठा.

आता उत्तर मांडू. ताशी सरासरी ७० कि.मी. धरले तर ६०० कि.मी.ला साडेआठ तास. दर दोन तासांनी वीस मिनिटांचा थांबा धरला की दहा तास. पहाटे साडेचारला निघालो तर नागपुरात पोचायला दुपारचे अडीच, म्हणजे नेमके वाईट ऊन. रात्रभर गाडी हाणणे म्हणजे ड्रायव्हरच्या डोळ्यांवर झोप. मग प्रवास दोन भागांत तोडा. पहिल्या दिवशी उन्हे कलल्यावर निघून समृद्धी महामार्गाने जालन्यापर्यंत सुमारे २५० कि.मी., तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला निघून उरलेले ३५० कि.मी., दोन थांब्यांसह सव्वादहा-साडेदहापर्यंत नागपूर. समृद्धीवर वाटेल तिथे कडेला गाडी उभी करायची नाही, थांबे आधीच ठरवायचे. आणि तारीख हातात असेल तर मे सोडून डिसेंबर घ्यायचा, सगळे गणित सोपे होते.

पोचल्यावर लगेच सगळे घर मोकळे सोडू नका. आधी एकच खोली, दारे-खिडक्या बंद, जुनी चादर, पाणी आणि ट्रे. दोन-तीन आठवडे तरी बाहेर सोडायचे नाही. मांजरी आपल्या पिल्लांना सात घरे फिरवते म्हणतात, पण ती फिरवते तिच्या मर्जीने. इथे घर बदलायचा निर्णय आपण घेतलेला असतो, म्हणून त्याची जबाबदारीही आपलीच.

जाता जाता होस्टेलवाल्यांसाठी एक. सुट्टी लागली की मेसमागचे लाडके पिल्लू सॅकमध्ये घालून एसटीने गावी न्यायचा बेत दरवर्षी कोणीतरी करतोच. आधी घरच्यांना विचारा, मग पशुवैद्याला दाखवा, मग पिंजरा घ्या. यातले एकही जमत नसेल तर सुट्टीत राहणाऱ्या मेसमधल्या काकांना दोन महिन्यांच्या खाऊचे पैसे देऊन जा. पिल्लासाठी तेच जास्त बरे.