मुलांची एकटी आई आणि परिचारिकेचे शिक्षण

जिच्या पदरी लहान मुले आहेत व ज्यांचे पालनपोषण तिला एकटीलाच करावयाचे आहे, अशी एखादी बहीण उपदेशकाच्या दारी येऊन, "दादा, मी नर्सिंग शिकायला जाऊ का?" असे विचारते, तेव्हा त्याने काय उत्तर द्यावे? बहुधा दोहोंपैकी एक उत्तर तत्काळ दिले जाते. कोणी म्हणतो, "सेवेचे काम आहे, अवश्य जा." कोणी म्हणतो, "मुलांना टाकून कुठे जातेस? आहे त्यात भागव." ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. विचारणारी बहीण विधवा असो, नवऱ्याने टाकलेली असो, किंवा नवरा असून नसल्यासारखा असो, तिचा प्रश्न आशीर्वाद मागण्याचा नसतो. तो हिशेबाचा असतो. तो हिशेब तिच्याबरोबर बसून कसा करावा, हे ह्या पाठात पाहावयाचे आहे.

प्रथम एका परिचित नावाकडे वळू. पंडिता रमाबाईंचे पती १८८२ साली वारले, तेव्हा त्यांची कन्या मनोरमा अगदी तान्ही होती. त्याच वर्षी रमाबाईंनी हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन ह्या देशात स्त्री-डॉक्टरांची किती निकड आहे हे सांगितले, आणि १८८३ साली मुलीला घेऊन त्या इंग्लंडास गेल्या. स्वतः वैद्यकीचे शिक्षण घ्यावे असा त्यांचा हेतू होता. परंतु त्यांना ऐकू कमी येत असे, आणि त्यामुळे तो मार्ग बंद झाला. त्या मग चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात संस्कृत शिकवू लागल्या, आणि पुढे १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडले. केडगावची हकीकत वाचकांस ठाऊकच आहे.

ह्या चरित्रातील जी गोष्ट आपण सहसा सांगत नाही तीच येथे उपयोगाची आहे. रमाबाई शिकत व शिकवीत असता मनोरमा पुष्कळ काळ वाँटेज येथील भगिनीमंडळाच्या सांभाळात असे. सांभाळणाऱ्या भगिनी प्रेमळ होत्या; तथापि मुलीला काय शिकवावे व तिला कोणत्या वळणाने वाढवावे, ह्याविषयी रमाबाई व त्या भगिनी ह्यांच्यात मतभेद झाले, आणि मुलीविषयी निर्णय करण्याचा हक्क आपला आहे हे रमाबाईंना पत्रांतून ठासून सांगावे लागले. जो मूल सांभाळतो त्याला त्या मुलाविषयी बोलण्याचा हक्क वाटू लागतो, मग ती परदेशातील भगिनी असो की यावलची आजी असो. म्हणून मूल कोणापाशी ठेवावे एवढे ठरवून भागत नाही. शाळा कोणती, आजारपणात निर्णय कोणाचा, आणि आईने परत मागितल्यास मूल विनातक्रार परत येईल की नाही, हेही निघण्यापूर्वी चार माणसांदेखत बोलून घ्यावे. सासरच्या माणसांशी जमिनीचा वाद असेल तर हे बोलणे दुप्पट जरुरीचे आहे.

दुसरे उदाहरण पुण्याचे. रमाबाई रानडे ह्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम उभारले, आणि विधवांस ससून रुग्णालयात परिचारिकेचे व सुईणीचे शिक्षण मिळावे अशी व्यवस्था केली. त्या काळी परक्याच्या देहाची शुश्रूषा करणे हे उच्चवर्णीयांत हीन मानले जाई. पुष्कळ वर्षे ह्या देशातील परिचारिकांत ख्रिस्ती स्त्रियांचाच भरणा अधिक होता, त्याचेही एक कारण हेच. सेवासदनाने विधवांस नुसता उपदेश केला नाही. राहावयास जागा दिली, आणि सोबत दिली. हे जेथे नव्हते तेथे विधवेचा निश्चय कितीही दृढ असला तरी तो फार दिवस टिकणे कठीण होते.

आता आजच्या व्यवस्थेकडे येऊ. 'नर्सिंग' ह्या एका शब्दाखाली निरनिराळे अभ्यासक्रम येतात आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा, फक्त स्त्रियांसाठी, जी.एन.एम. हा तीन वर्षांचा, आणि बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. पहिल्या दोहोंस बारावी उत्तीर्ण असावे लागते, शास्त्र शाखाच हवी असे नाही, परंतु इंग्रजी विषय पाहिजे, जी.एन.एम.ला किमान ४० टक्के गुणही पाहिजेत. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांप्रमाणे ह्या दोन्ही अभ्यासक्रमांस प्रवेशाचे वय १७ ते ३५ आहे. ही शेवटची अट पुष्कळांना ठाऊक नसते, आणि ती एकट्या आईच्या निर्णयावर फार मोठा परिणाम करते. ज्या बहिणीची बारावी राहून गेली आहे तिला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. पण त्यात जाणारे वर्षही ह्या ३५ मधूनच वजा होते. (ज्या विधुर बंधूंच्या पदरी मुले आहेत त्यांना ए.एन.एम. नाही, परंतु जी.एन.एम. खुले आहे. पुरुषाने हा प्रश्न विचारल्यास हसू नये.)

असे समजा की, भुसावळजवळच्या एका गावी ३१ वर्षांची एक बहीण आहे. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच वर्षांची. केळीच्या मळ्यात व कापूस वेचणीस जाऊन तिला सरासरी महिना ७,००० रुपये मिळतात. तिने ए.एन.एम.चा विचार केला आहे. शिक्षणाच्या दोन वर्षांत ही मजुरी बंद होईल, हे तिने प्रथम मनाशी पक्के करावे, कारण दिवसा वर्ग व रुग्णालयातील काम असता रोजंदारी होत नाही. घरखर्च काटकसरीने महिना ६,००० धरला तर २४ महिन्यांचे १,४४,००० रुपये झाले. शुल्क, गणवेश, पुस्तके, परीक्षा व प्रवास मिळून १,००,००० धरू. सरकारी विद्यालयात जागा मिळाल्यास हा आकडा पुष्कळ उतरेल. एकूण २,४४,००० रुपये.

ह्यापुढे जमेची बाजू. तिच्यापाशी शिल्लक ४०,००० आहे. भाऊ महिना १,५०० देतो म्हणतो, ते दोन वर्षांत ३६,००० झाले. एक पालक असलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. २०२३ साली तिची रक्कम प्रत्येक मुलामागे दरमहा २,२५० रुपये करण्यात आली. दोन मुलांचे महिना ४,५०० प्रमाणे १,०८,००० होतात. जमा १,८४,०००, तूट ६०,०००.

ही तूट कोणाकडून भरावयाची, ह्यावर सर्व अवलंबून आहे. सावकाराचे व्याज शेकडा तीन रुपये महिना असल्यास ६०,००० वर दरमहा १,८०० व दोन वर्षांत ४३,२०० रुपये नुसते व्याज चढते. तेच बचत गटातून शेकडा एक रुपयाने मिळाल्यास १४,४०० होते. येथे आणखी एक बारकावा आहे. हिशेबातील तूट शेवटी येते, पण प्रत्यक्षात ती तिसऱ्या महिन्यातच दारात उभी राहते. कारण शुल्क आरंभी भरावे लागते, आणि योजनेचे पैसे मंजूर होऊन खात्यात पडण्यास विलंब लागतो. म्हणून योजनेचा अर्ज प्रवेश झाल्यावर नव्हे, तर प्रवेशाच्या कितीतरी आधी करावा, आणि पहिल्या सहा महिन्यांचा खर्च हाती असल्यावाचून निघू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सहा महिन्यांत शिक्षण सोडून परत आलेल्या आईपाशी कर्ज राहते, पण नोकरीचा कागद राहत नाही.

"मुलगी मोठी होईपर्यंत थांबते" असे ही बहीण म्हणाली तर? थांबणे हे फुकट नसते. ती आज ३१ वर्षांची आहे. चार वर्षांनी मुलगी नऊ वर्षांची होईल आणि आईच्या वयाची मर्यादा संपत आलेली असेल. एक-दोन वर्षे थांबून त्या काळात बारावी, शिल्लक व योजनेचे कागद ही तयारी होत असेल तर थांबणे शहाणपणाचे. नुसते थांबणे म्हणजे नकारच होय, फक्त तो उघड बोललेला नसतो.

रात्रपाळीचा प्रश्न पैशाहून नाजूक आहे. शिकतानाही रुग्णालयात पाळ्या कराव्या लागतात, आणि पुढे नोकरीत तर त्या चुकत नाहीत. आई रात्री नऊला निघून सकाळी परत आली तर मुलांजवळ निजणारे माणूस कोण? शेजारीण एक रात्र येईल, दहा रात्री येणार नाही. आजी किंवा मावशी नेमाने येणार असेल तर ते नाव व ते दिवस ठरवून घ्यावे. भुसावळ हे रेल्वेचे गाव. येथे गार्ड, ड्रायव्हर, पॉइंट्समन मध्यरात्री डबा घेऊन निघतात आणि कोणी मान वर करून पाहत नाही. तीच बाई पहाटे ड्यूटीवरून परतली की गल्लीत कुजबुज होते. मंडळीतील वडीलधाऱ्यांनी ही कुजबुज आपल्या घरापासून बंद केली तर त्या बहिणीला शंभर रुपयांहून अधिक मदत होईल.

काम आपल्याच्याने होईल की नाही, हे पाहण्याचा एक स्वस्त मार्ग आहे. २००५ सालापासून गावोगाव आशा सेविका नेमल्या जातात, साधारण हजार वस्तीस एक, आणि निवडीत गावातील विवाहित, विधवा अथवा घटस्फोटित स्त्रियांचाच विचार होतो. तेथे पगार नसून कामाप्रमाणे मोबदला मिळतो, म्हणून तो संसाराचा पूर्ण आधार नव्हे. परंतु बाळंतपण, लसीकरण, आजाऱ्याची घाण, नातेवाइकांचा राग, हे सर्व जवळून दिसते. जागा रिकामी नसेल तर निदान गावच्या आशाताईबरोबर काही दिवस फिरावे. रक्त पाहून घेरी येणे बहुधा सवयीने जाते. माणसांच्या बोलण्याने खचून जाण्याचा स्वभाव मात्र लवकर जात नाही.

शिक्षणानंतर काय? ए.एन.एम. बहिणीस उपकेंद्रावर काम मिळू शकते. एका उपकेंद्राखाली सपाटीवर ५,००० व सातपुड्यासारख्या डोंगराळ आदिवासी भागात ३,००० वस्ती धरलेली असते. पुष्कळ नेमणुका कंत्राटी असतात आणि त्या दूरच्या गावीही होतात, तेव्हा मुलांच्या शाळेचा प्रश्न दुसऱ्यांदा उभा राहील. खाजगी दवाखाने घराजवळ असतात, पण पगार कमी देतात. हे तिला आज सांगावे, उद्या कळू देऊ नये.

सर्वांत मोठा धोका मात्र निराळाच आहे. सहा महिन्यांत किंवा वर्षात 'नर्स' बनवून देतो असे फलक शहरांतून लागलेले असतात. तेथील प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणीवाचून परिचारिकेची सरकारी नोकरी मिळत नाही. दागिने मोडून भरलेले शुल्क अशा ठिकाणी गेले तर परत येत नाही. विद्यालयाचे नाव भारतीय व महाराष्ट्र अशा दोन्ही परिषदांच्या मान्यता-यादीत चालू वर्षासाठी आहे काय, हे उपदेशकाने किंवा मंडळीतील शिकलेल्या तरुणाने स्वतः पाहावे आणि मगच एक रुपया देऊ द्यावा.

कागदपत्रांपैकी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासाचा व उत्पन्नाचा दाखला, पतीचा मृत्यूचा दाखला किंवा न्यायालयाचा निकाल, मुलांचे जन्मदाखले आणि बँकेचे पुस्तक एवढे आतापासून एका पिशवीत जमवावे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेप घालावीच लागते. त्याच खेपेत संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी करावी. बालसंगोपनाची चौकशी जळगावास जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात होते. नावाच्या स्पेलिंगमध्ये माहेर-सासरचा फरक असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा, कारण प्रवेशाच्या आठवड्यात त्यास वेळ मिळत नाही.