नवरीचा हात हातात घेण्याआधी

चि. सायली,

तुळशीचं लग्न लागलं की तुझी लगीनसराई सुरू होईल. तिरसट गिऱ्हाइकांना तोंडावर काय उत्तर द्यायचं, असं तू विचारलंस. माझं मत असं, की ऐन वेळच्या उत्तरांवर फार विसंबू नये. मेंदीच्या कामातली बहुतेक भांडणं ज्या गोष्टींवरून होतात, त्या आपल्याला आधीपासून ठाऊक असतात आणि गिऱ्हाइकाला नसतात. म्हणून ती बुकिंगच्या वेळीच मिटवायची.

रंगाचंच बघ. "रंग चढलाच नाही" ही सगळ्यात कडवट तक्रार, आणि ती बहुधा घाईने केलेली असते. मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य कातडीतल्या केराटिन या प्रथिनाला धरतं आणि हवा लागून हळूहळू गडद होतं. सुकलेली मेंदी खरवडली की हात केशरीच दिसणार. खोल तपकिरी रंग यायला २४ ते ४८ तास लागतात. तळहाताची कातडी जाड, म्हणून तिथे रंग चढतो. कोपराकडे तो फिकाच राहतो, मग पावडर नावाजलेल्या सोजतची का असेना. नवरीच्या आईला यातलं काही माहीत नसतं. तिला केशरी हात दिसतो, आणि भोवतीच्या बायका रंगावरून नवऱ्याचं प्रेम मोजत असतात. तिचा आवाज चढतो तो भीतीने. त्या वेळी तू शास्त्र सांगू लागलीस तर तिला ती सबब वाटेल. तेच आठवडाभर आधी सांगितलंस तर ती तुझ्यावर विश्वास ठेवेल. म्हणून मेंदी लग्नाच्या दोन दिवस आधी काढायची, वॅक्सिंग त्याआधी उरकायचं, मेंदी निदान सहा तास ठेवायची आणि काढल्यावर लगेच पाणी लावायचं नाही, हे सगळं मेसेजमध्ये लिहून पाठव. पाहुण्यांचे किती हात, त्यांचा दर काय, अ‍ॅडव्हान्स किती, हेही त्यातच.

तू म्हणशील, इतक्या अटी ऐकून गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. काही जातीलच. पण आठवडाभर आधी गेलेल्या गिऱ्हाइकाची तारीख दुसरीला देता येते. पाच तास मान मोडून काम केल्यावर रात्री हॉलमध्ये कुणी पैशांवरून वाद घातला, तर ती रात्रही गेली आणि मेहनतही. नवीन असताना काम हातचं सोडणं जड जातं, हे मला कळतं. तेव्हा हवं तर दर कमी कर, अटी नको.

आणि काही माणसं मुळातच उर्मट असतात, त्यांचं काय? हा आक्षेप खरा आहे. त्यांच्यापुढे मेसेज चालत नाही. इथे एवढंच पारखायचं, की राग कामावर आहे की तुझ्यावर. सकाळपासून उपाशी, हात अडकलेली नवरी खेकसली तर कोन खाली ठेव, तिला कुणाला तरी दोन घास भरवायला सांग. त्यात तुझा काही अपमान नाही. पण कुणी तुझ्या जातीवरून, धर्मावरून बोललं, किंवा घरातला एखादा पुरुष अंगचटीला येऊ लागला, तर नक्षी अर्धी असली तरी कोन आवर आणि निघ. अ‍ॅडव्हान्स घेतलेला असला की हे जमतं. रात्रीच्या ऑर्डरला एकटी जाऊ नकोस, हे तर आहेच.

गोड बोलून केलेली एक मागणी मात्र शिवीपेक्षा वाईट समज: "काळी मेंदी लाव, पटकन चढते." खऱ्या मेंदीचा रंग काळाकुट्ट नसतोच. त्या कोनात बहुधा पीपीडी असतं, केस काळे करण्याच्या डायमधलं रसायन. त्याने कातडीवर फोड येतात, आणि एकदा अ‍ॅलर्जी जडली की ती सहसा जन्मभर राहते. गिऱ्हाईक म्हणेल ते खरं, हा नियम इथे लागू नाही, कारण भाजणारा हात तिचा असतो आणि तो भाजेल हे तुला ठाऊक असतं. नवरी रडली, आईने दुप्पट पैसे देऊ केले, तरी नाहीच म्हणायचं.

बुकिंगचा मेसेज लिहिलास की मला पाठव. भाषा कुठे रुक्ष झाली असेल तर मी सुधारून देईन.

तुझी,
मावशी