गावचे दप्तर आणि घराण्याचा इतिहास

घराण्याचा इतिहास म्हटला की सरदार-जहागीरदारांच्या सनदा, वंशावळी आणि छापील कुलवृत्तांत डोळ्यांसमोर येतात. ज्यांच्या घरी असे काही नाही त्यांना इतिहासच नाही, असा समज त्यातून रूढ झाला आहे. तो यथार्थ नाही. गावची चावडी, प्राथमिक शाळा आणि तहसील कचेरी येथील नोंदवह्यांत शेतकरी, बलुतेदार आणि मजूर यांचीही नावे लिहिली गेली आहेत. ती कशी वाचावीत व कशी जपावीत, हे शिक्षक, महसूल कर्मचारी आणि पंचायत सदस्य यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

ज्ञाताकडून अज्ञाताकडे

केवळ आडनावाच्या साम्यावरून एखाद्या प्रसिद्ध घराण्याशी नाते जोडणे हा या शोधातील सर्वांत मोठा धोका होय. आजच्या पिढीपासून आरंभ करावा आणि पुरावा मिळेल तसतशी एकेक पिढी मागे जावे. घरातील वडीलधाऱ्यांकडून आजोबा-पणजोबांची नावे, मूळ गाव, कुलदैवत आणि आजी-पणजीचे माहेर प्रथम लिहून घ्यावे.

त्यानंतर शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे. मुलाचे व पालकाचे नाव, जात, जन्मतारीख आणि शाळेत दाखल झाल्याचा दिवस त्यात मिळतो. मात्र जुन्या रजिस्टरांत १ जून ही जन्मतारीख पुष्कळ मुलांच्या नावापुढे आढळते. खरी तिथी घरी ठाऊक नसली की गुरुजी सोयीची तारीख लिहीत. म्हणून अशा तारखेवर एकटीवर विसंबू नये. ती जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीशी, म्हणजे गाव नमुना १४ शी, ताडून पाहावी. तेथे बाळाचे नाव न लिहिता बापाचे नाव आणि ‘मुलगा’ वा ‘मुलगी’ एवढीच नोंद अनेकदा सापडते.

फेरफाराचे महत्त्व

गाव नमुना ६, अर्थात फेरफार नोंदवही, ही वंशावळीची खाणच आहे. खातेदार मृत्यू पावला की त्याच्या वारसांची नावे तीत चढतात आणि एकाच नोंदीत दोन पिढ्या जोडल्या जातात. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलींना पित्याच्या मिळकतीत वारसा मिळाला. त्यामुळे त्यापुढील फेरफारांत लेकींची नावेही आढळू लागतात. त्याआधीच्या नोंदींत स्त्रीचे नाव बहुधा विधवा म्हणूनच येते. मुंबई इलाख्यात १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात जमीनमोजणी हाती घेण्यात आली. त्या परंपरेतील कडईपत्रके आणि शेतवार पत्रके भूमिअभिलेख कार्यालयांत पाहता येतात. मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरापत्रक उपयोगी पडते.

ज्यांच्या नावे जमीन नव्हती, त्यांनी निराश होऊ नये. सातबाराच्या कुळाच्या रकान्यात कसणाऱ्याचे नाव असू शकते. महार, रामोशी आदींच्या गावकीच्या वतनांचे दप्तरही पाहावे. ती वतने १९५८ च्या कायद्याने संपुष्टात आली, पण नावे कागदावर राहिली. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून यात्रेस आलेल्या यजमानांची व त्यांच्या पूर्वजांची नावे मिळतात.

लिपी आणि सन

विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचे बरेच कागद मोडी लिपीत आहेत. त्यांत आडनाव असेलच असे नाही. ‘बिन’ किंवा ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा पुत्र, तर ‘कोम’ म्हणजे अमक्याची पत्नी, हे ध्यानी ठेवावे. शकाच्या आकड्यात ७८, फसली सनात सुमारे ५९० आणि सुहूर सनात सुमारे ५९९ मिळविले की इसवी सन येतो. पेशवाईतील कागदांसाठी पुण्याचे पेशवे दफ्तर हे प्रमुख स्थान आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून असेच कागद मिळविले आणि १८९८ पासून ते खंडशः प्रसिद्ध केले.

जतन ही जबाबदारी

हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. जात प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गास १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांच्या संदर्भात वास्तव्य दाखवावे लागते. जातीचा दावा पडताळतानाही जुन्या नोंदींनाच वजन असते. धनिकाच्या घरी खरेदीखते असतात. भूमिहीनाच्या नातवापाशी मात्र कित्येकदा आजोबाच्या शाळेतील एक ओळच असते. वाळवीने ते पान खाल्ले, तर त्या मुलाचा प्रवेश किंवा नोकरी अडते.

म्हणून जुनी रजिस्टरे दमट खोलीत वा जमिनीवर ठेवू नयेत. फाटक्या पानांना चिकटपट्टी लावू नये, त्यांचे लॅमिनेशन करू नये आणि पुसट अक्षरांवर शाई फिरवू नये. शाळा व पंचायतीने आपल्याकडील जुन्या वह्यांची वर्षवार यादी करावी, पानांची छायाचित्रे घ्यावीत आणि पदभार सोपविताना ही यादी नव्या व्यक्तीच्या स्वाधीन करावी. कपाटातील हे कागद कार्यालयाच्या ताब्यात असले, तरी त्यांवर उभा असलेला हक्क गावातील प्रत्येक कुटुंबाचा आहे.