बासरीची लांबी आणि वहीतील आकडा

स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही विज्ञान मंडळाची जुनी प्रयोगवही उघडली. तिच्या एका पानावर आमच्या बासरीची हकिकत आहे. बासरी वाजविणे हा आमच्यापैकी काहींचा वसतिगृहातील छंद. परंतु विकतच्या बासरीचा सूर हार्मोनियमशी जुळेना, म्हणून आम्ही ती स्वतःच करावयाचे ठरविले.

बासरीत कंप पावते ती आतील हवा. बूच लावलेल्या टोकाजवळच मुखरंध्र असते, त्यामुळे हा वायुस्तंभ दोन्ही बाजूंनी उघडा ठरतो. अशा स्तंभात मूळ स्वराची अर्धी तरंगलांबी मावते. २५ अंश सेल्सिअसला हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर असतो. आम्हांला वरच्या सप्तकातील सफेद एक, म्हणजे ५२३ हर्ट्झचा स्वर हवा होता. ३४६ ला ५२३ च्या दुपटीने भागता लांबी आली ३३ सेंटिमीटर.

दीड सेंटिमीटर आतील व्यासाची पीव्हीसी नळी मुखरंध्राच्या मध्यापासून तेवढीच ठेवून कापली. फुंकताच मोबाइलवरील मापकाने ४६२ हर्ट्झ दाखविले. स्वर सुमारे दोन पट्ट्या खाली उतरला होता.

तोवर आमच्यातील एकाने वहीत ५२० लिहूनही टाकले होते. सूत्र चुकणार नाही, फुंकच चुकली असेल, असे त्याचे म्हणणे. आम्ही दहा वेळा फुंकले. आकडा ४६० च्या आसपासच राहिला. तेव्हा त्यानेच ५२० वर रेघ मारून शेजारी ४६२ लिहिले.

उत्तर त्या फरकातच होते. ४६२ हर्ट्झसाठी साडेसदतीस सेंटिमीटर लांबी लागते. म्हणजे नळी आपल्या मापापेक्षा साडेचार सेंटिमीटर लांब असल्यासारखी वागत होती. उघड्या टोकाबाहेरील थोडी हवाही कंप पावते. तिचा वाटा व्यासाच्या सुमारे तीन दशांश, म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरहूनही कमी. उरलेला मोठा वाटा मुखरंध्राचा. ते नळीपेक्षा अरुंद असते आणि वाजविणाऱ्याच्या ओठाने अर्धवट झाकले जाते, त्यामुळे स्वर आणखी उतरतो.

मग नळी साडेएकोणतीस सेंटिमीटरपर्यंत कापली आणि पुढे पॉलिश पेपरवर घासत, दर वेळी फुंकून पाहत गेलो. साडेअठ्ठावीसच्या सुमारास सूर जुळला. वहीत ५२० च राहिले असते, तर ही वजाबाकी आम्हांला सुचलीच नसती.

घरी हा प्रयोग करणाऱ्यांनी नळी प्रथम थोडी लांबच ठेवावी. लांब नळी कापता येते. आखूड झालेली वाढविता येत नाही.