रात्रीची तयारी सकाळपासून

अगं, आषाढी झाली की तुझं गुडघ्याचं ऑपरेशन, असं भाऊजी फोनवर म्हणाले. घाबरू नकोस. वाजपेयी पंतप्रधान असताना मुंबईच्या ब्रीच कँडीत 2000 साली त्यांचा एक गुडघा बदलला आणि 2001 साली दुसरा. न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. तेव्हा पेपरात रोज त्याचीच बातमी. आता आपल्या नात्यागोत्यात निम्म्या बायकांचे गुडघे बदललेले आहेत, माझे तर दोन्ही. ऑपरेशन एक-दोन तासांत उरकतं. खरं काम पुढच्या दीड-दोन महिन्यांत, आणि त्यातही रात्री जास्त जड जातात. व्यायाम शिकवायला फिजिओ येईल. झोपेचं मात्र कुणी बसून सांगत नाही, म्हणून मी सांगते.

सुरुवातीला झोप मोडणार, हे आधीच मनाशी धरून चाल. दिवसभर माणसांत असतो, हालचाल असते, तेव्हा दुखणं तितकं जाणवत नाही. रात्री सगळं शांत झालं की तेच वर येतं, शिवाय दिवसाच्या चालण्याने सूज चढलेली असते. बहुतेकांचं सहा आठवड्यांनी बरंच हलकं होतं, काहींना तीन महिने लागतात. 'माझंच ऑपरेशन बिघडलं की काय' म्हणून रात्री दोन वाजता रडत बसू नकोस. जाग आली तर घोटा वरखाली कर, पाणी पी, पुन्हा आडवी हो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही. घेतलीस की फार बरं वाटतं, आणि तिथेच फसायला होतं. रात्रभर गुडघा वाकलेला राहिला तर तो तसाच आखडतो, मग सरळ व्हायला महिनोन्‌महिने जातात आणि चाल लंगडी होते. उशी घ्यायचीच तर टाचेखाली. जुना टर्किश टॉवेल घट्ट गुंडाळून टाचेखाली ठेव, म्हणजे गुडघा मधल्या मध्ये सुटा राहतो आणि आपल्याच वजनाने सरळ होतो. तसं पडल्या पडल्या गुडघ्याची मागची बाजू गादीकडे दाब, मांडी घट्ट कर, पाच आकडे मोज, सोड. दिवसातून दोन-तीनदा हे झालं की रात्री पाय कमी ओढतो. झोपताना टॉवेल काढून टाक आणि पाय सरळ ठेवून उताणी झोप. कुशीवर वळायला डॉक्टरांनी परवानगी दिली की चांगल्या पायाच्या कुशीवर वळ आणि दोन्ही पायांच्या मध्ये जाड उशी घे. खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांचे नियम निराळे असतात. तुझ्या नणंदेने सांगितलेले इथे लावू नकोस.

दुखण्याची गोळी शूरपणा दाखवून टाळायची नाही. लिहून दिलेल्या वेळा पाळ, आणि रात्रीची गोळी झोपण्याआधी तास-अर्धा तास पोटात जाईल असं डॉक्टरांकडूनच बसवून घे. दुखणं चढल्यावर घेतलेली गोळी लवकर लागू पडत नाही. झोपण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटं बर्फ लाव, पण पंच्यात गुंडाळून, उघड्या कातडीवर नाही. शेजारच्या काकूंची झोपेची गोळी मात्र हातातसुद्धा धरू नकोस. दुखण्याच्या काही गोळ्यांनी आधीच गुंगी असते. त्यावर झोपेची गोळी पडली तर श्वास मंदावतो, आणि रात्री उठताना तोल जातो. घोरत असशील तर तेही भूलतज्ज्ञांना आधीच सांग.

रात्रीची झोप सकाळपासून कमवायची असते. सकाळी ठरल्या वेळी उठ, वेणीफणी कर, गाऊन बदल, खिडकीपाशी उन्हात बस. दिवसभर पलंगावर पडून राहिलीस तर रात्री डोळा कसा लागणार? दर तासाला थोडं चाल, स्वयंपाकघरापर्यंत का होईना. दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपू नकोस, आणि चारनंतर मुळीच नाही. भाऊजींबरोबरचा संध्याकाळचा सहाचा चहा बंद. चहा अंगात तासन्‌तास राहतो. तुझा तर उकळून काळा केलेला असतो. पाणी दिवसा भरपूर पी आणि संध्याकाळनंतर कमी कर, म्हणजे रात्री बाथरूमला कमी उठावं लागेल. बीपीच्या गोळीने लघवी जास्त होत असेल तर ती सकाळी चालेल का, हे डॉक्टरांना विचार.

चातुर्मास लागेल आणि तू उपास धरशील, हे मला माहीत आहे. या वर्षी धरू नकोस. साबुदाण्यात नुसता स्टार्च असतो. जखम भरायला आणि मांडीचा स्नायू परत यायला प्रथिनं लागतात. सकाळ-संध्याकाळ वरण, उसळ, पनीर, दूध-दही, चालत असेल तर अंडं. विठ्ठल रागावत नाही गं. साखर असल्यामुळे तुला तर नेमाने जेवायलाच हवं, आणि साखर आटोक्यात नसेल तर जखम चिघळते. गोळ्यांनी पोट बांधल्यासारखं होतं, म्हणून पपई, पालेभाजी आणि रात्री कोमट पाण्यातून इसबगोल. आणि मिश्री सोड. तुला वाईट वाटेल, पण लपवून लावतेस हे सगळ्या घराला ठाऊक आहे. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेपर्यंत रक्त नीट पोचत नाही. ऑपरेशनच्या आधीच काही आठवडे सोडलेली असली पाहिजे.

पलंगाचं आत्ताच बघून घे. खालची गादी आता चालणार नाही. पलंगावर बसल्यावर पावलं जमिनीला टेकली पाहिजेत आणि गुडघे कंबरेपेक्षा वर जायला नकोत. पलंगाशी एक स्टूल ठेव, त्यावर झाकलेलं पाण्याचं भांडं, बॅटरी आणि हाक मारायला पूजेची घंटा. वॉकर हाताशी असू दे. बाथरूमच्या वाटेवरची सगळी पायपुसणी आणि सतरंजी उचलून टाक आणि तिथे रात्रभर झिरोचा दिवा असू दे. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला बस. लगेच उभी राहू नकोस, मिनिटभर थांब, डोकं गरगरत नाही ना बघ. मग दोन्ही हात गादीवर दाबून उठ आणि उभी राहिल्यावर वॉकर धर. वॉकर ओढून उठायला गेलीस तर तोच अंगावर येतो. रात्री साडी नेसू नकोस, घोट्याच्या वर राहील असा गाऊन घाल. कमोडवर उंच बैठक बसवून घ्यायला भाऊजींना सांग. पूजा खुर्चीवर बसून, देव टेबलावर. मांडी घालणं तूर्त विसर.

भेटायला येणाऱ्यांना संध्याकाळी सातनंतर येऊ देऊ नकोस. येईल तो प्रत्येक जण एक औषध सांगून जाईल, हळदीचा लेप म्हणा, तेल म्हणा. मालिशवालीला तर दारातूनच परत पाठव. टाके निघून जखम नीट भरेपर्यंत त्यावर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काहीही लावायचं नाही, आणि पोटरी तर कुणाकडूनही चोळून घ्यायची नाही. तिथे रक्ताची गाठ झाली असेल तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

गुडघा काही महिने कोमट लागतो, आतून टकटक आवाज येतो, टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटतं. या गोष्टींनी झोप घालवू नकोस. पण पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली, जखमेतून पाणी किंवा पू येऊ लागला, थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही. आणि छातीत दुखलं किंवा दम लागला तर सरळ 108 ला फोन. हॉस्पिटलचा रात्रीचा नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहून लाव आणि भाऊजींच्या मोबाइलमध्येही घाल. त्यांचा चष्मा रात्री कुठे असतो, तेही विचारून ठेव.