फोन का बंद होता?

अलिबाग,
मंगळवार, १२ मे २०२०

चि. सोनू,


टपाल कधी पोचेल याचा भरवसा नाही, म्हणून हे कागद लिहून झाले की शेजारचा मुलगा त्यांचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. वाचणार नाही म्हणाला. वाचेलच. वाचू दे, कारण जे लिहायला बसले आहे ते गावाला माझ्याआधी कळलेलं आहे.

काल सोडे घेऊन येणारी कोळीण फाटकाबाहेर उभी राहूनच म्हणाली, "बाय, तुमची मुंबयची पोर आता होडीवच ऱ्हाते म्हनं?" तिच्या दिराला ससून डॉकवरच्या कुणी तरी सांगितलं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री एक मुलगी, केस बारीक कापलेले, पाठीला निळी पिशवी, धक्क्यावर पैसे दाखवून विचारत होती की अपोलो बंदरासमोरच्या बोयापर्यंत कोण सोडेल. आता केस कापलेल्या मुली मुंबईत ढिगाने असतील, निळ्या पिशव्याही असतील. पण या टाळेबंदीत मध्यरात्री होडीपाशी जायला विनवण्या करणारी दुसरी कोण असणार गो?

मला एवढंच सांग. गेली होतीस का?

त्या रात्री नऊला मी तुला फोन केला होता. बंद. साडेनऊला, बंद. अकराला पुन्हा, तेव्हाही बंद. सकाळी तू म्हणालीस, चार्जिंग संपलं. घरात कोंडलेल्या माणसाचं चार्जिंग कसं संपतं? तुझ्या बाबाला मी यातलं काही बोललेले नाही. त्याचं तुला माहीत आहे, तो आधी ओरडेल, मग गोळी घेईल, मग मलाच फोन करून विचारेल की आता काय करायचं.

पोलिसांची भीती घालत नाही. त्यांनी धरलं तर दंड होईल, चार लोकांत शोभा होईल, संपलं. तुझ्या गल्लीच्या तोंडाला बांबू बांधलेत, तिथून तू बाहेर पडून पुन्हा आत शिरलीस तर खालच्या मजल्यावरच्या आजींचं काय, हा विचार तुझा तू कर. तेवढी अक्कल तुला आहे. माझ्या पोटात गोळा येतो तो पाण्याचा. रात्रीचं पाणी, आणि तू एकटी.

भूगोलाच्या बाईची भाची आहेस, म्हणून विचारते. पौर्णिमेला मुंबईत भरती साधारण बारा-साडेबाराला, दुपारी आणि रात्रीही. म्हणजे मध्यरात्रीनंतर ओहोटी लागली. उधाणाची ओहोटी, बंदरातलं पाणी बाहेर धावतं. वरून मतलई सुटली तर तीही जमिनीकडून समुद्राकडे. दोन्ही एकाच दिशेला ओढणारे. मे महिन्यात मतलईला जोर नसतो म्हणशील. मान्य. पण वल्ह्याच्या चिमुकल्या होडीला जोर लागतोच किती? आणि एरवी कुणी लाँचवाला, कुणी मचवेवाला हाक ऐकेल तरी. आता गेटवेच्या लाँच बंद, मांडव्याच्या फेऱ्या बंद, पंधरा मार्चला सुरू झालेली रो-रो आठवडा-दोन आठवड्यांत गप्प उभी. त्या सगळ्या बंदरात हाक मारलीस तर ऐकणार कोण?

आपल्या घरात जेवताना 'रामदास'चं नाव काढत नाहीत, हे तू लहानपणापासून पाहिलंयस. का काढत नाहीत ते तुला अर्धवटच सांगितलं गेलं. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट. गटारीचा सण, माणसं घरच्या ओढीने चढलेली, वर पावसाचा समुद्र. काशाच्या खडकाजवळ ती कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यात माझा धाकटा काका होता. मी त्याला पाहिलेलं नाही, मी नंतरची. पण माझी आजी पुढे मरेपर्यंत मुंबईहून येणाऱ्या कुणालाही पहिलं हेच विचारायची, की कशाने आलास. पाण्याने आला असेल तर त्याला आत घेऊन आधी पाठीवरून हात फिरवायची, मग पाणी द्यायची. आता ती नाही, तर मी विचारते आहे. गेली होतीस का?

तुझी काळजी खोटी नाही, हे मला कळतं. दिवाळीत तू मला तासभर ऐकवलं होतंस, ते मी विसरलेले नाही. ऑक्टोबरापासून मेपर्यंत तुमचा मोसम. मेअखेर होडी क्रेनने वर काढायची, बूड खरवडायचं, शिडं घडी करून उंदरांपासून लांब ठेवायची. आता मार्चपासून 'टिटवी' बोयाला बांधलेली. बुडाला शिंपल्यांचा थर चढला असणार. उधाणाला बंदरातलं पाणी चौदा-पंधरा फूट वरखाली होतं, तेवढ्या वेळा दोर कड्यात घासतो आणि एकाच जागी झिजतो. झाकण फाटलं असलं तर पहिल्याच पावसात आत पाणी साठेल. मृगाला महिना उरला नाही. हे सगळं डोळ्यांपुढे दिसत असताना खिडकीत बसून राहायचं, हे सोपं नाही. इथेही तेच आहे. कोळ्यांच्या होड्या ओढून वर घ्यायच्या, झापांनी शाकारायच्या, पण हाताखालचे खलाशी आपापल्या मुलखात अडकलेत नाहीतर इथून पायी निघून गेलेत.

मग करायचं काय? चौघांची होडी आहे ना, मग चौघांच्या सहीने अर्ज करा. दिवसाउजेडी, दोन माणसांनी, दोन तासांसाठी, फक्त दोर बदलायला आणि पाणी उपसायला. पावसाआधीची कामं म्हणून नालेसफाईला परवानगी मिळते, होडीलाही कुणी तरी देईल. नाही दिली तर पुन्हा मागा. बंदरातल्या इतरांच्याही होड्या अशाच अडकल्या असतील, त्यांना बरोबर घ्या. तुझी पिढी एका अर्जावर कंटाळते.

आणि त्याआधी दुसरं. तुमच्या होडीवर नजर ठेवणारा, तुम्हाला बोयापर्यंत ने-आण करणारा तो पोऱ्या, त्याच्या हातात मार्चपासून किती पडले? रविवारची हौशी मंडळी यायची थांबली तेव्हाच त्याची चूल थांबली. होडीचा दोर झिजेल म्हणून तुला झोप येत नाही, त्याचं काय चाललंय हे चौघांपैकी कुणी विचारलं का? विचारलं असेल तर मी शब्द मागे घेते. नसेल, तर हे पत्र वाचून संपायच्या आत त्याला पैसे पाठव. तो सरळ गेटवेच्या बाजूला राहतो, रोज लांबून होडी दिसत असेल त्याला. फोन करून विचारायचं सोडून पौर्णिमेला धक्क्यावर जायचं!

गेली असशील तर. मी अजून धरून चालले आहे की गेली नव्हतीस.

तुझ्या खोलीत त्या अभिलाष टॉमीचा फोटो आहे. २०१३ साली कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून तो मुंबईला परतला, त्याचं सगळ्यांना कौतुक. मला मात्र २०१८ चा सप्टेंबर आठवतो. दक्षिण हिंदी महासागरात वादळाने डोलकाठी मोडली, पाठ जायबंदी झाली, उठून बसता येईना. आसपास जमीन नाही. तीन दिवस तो तसाच बिछान्यावर पडून राहिला, आणि मग एका फ्रेंच जहाजाने त्याला उचललं. त्या तीन दिवसांत धडपडून काही करायला गेला असता तर? मला तर प्रदक्षिणेपेक्षा ते पडून राहणं मोठं वाटतं. तू म्हणशील, आत्या, त्याचा नाइलाज होता. तुझाही आहे.

इथली तऱ्हाही ऐक. मुंबईहून रात्री होड्यांनी माणसं उतरतात अशी रोज नवी आवई उठते. परवा किनाऱ्यावर पोरं काठ्या घेऊन पहाऱ्याला बसली होती, त्यातले निम्मे माझे विद्यार्थी. उद्या तू 'टिटवी' हाकारत इकडे आलीस तर तेच तुला हाकलतील. नाही हाकललं तर चौदा दिवस शाळेत ठेवतील. माझ्याच सातवीच्या वर्गात सध्या सतरंज्या घातल्यात, आणि खिडकीतून डबा द्यायची वेळ माझ्यावर येईल. तसं वाईट नाही ते. पण नको.

आता एक गोष्ट, जी मी बाबालाही कधी सांगितली नाही. तो तिथेच होता, पण त्याच्या लक्षात नसेल. रेवदंड्याला आम्ही मामाकडे जायचो, कुंडलिकेच्या तोंडाशी त्याच्या ओळखीच्या नाखव्याचा मचवा असायचा. सुटीत मुलगे त्यात बसून खाडीत फिरून यायचे. मुलींनी काठावर. एकदा आईला दया आली, तिने मला जाऊ दिलं, पण 'एका जागी बसून राहा' असं बजावून. वारा पडला होता, पाणी सपाट. नाखवा म्हणाला, ये गो, जरा सुकाणू धर, मला तंबाखू मळायचीय. मी काठाकडे पाहिलं. आई उभी होती. मी मान हलवली, नको म्हटलं. मग त्याने ते तुझ्या बाबाच्या हातात दिलं. तुझा बाबा जेमतेम दोन मिनिटं टिकला आणि ओकला. तेव्हापासून होडीचं नाव काढलं तरी त्याला मळमळतं, आणि मला... मला काय, मी भूगोलाची बाई झाले. खारे वारे आणि मतलई वारे फळ्यावर बाण काढून शिकवत राहिले. दिवसा हा बाण, रात्री तो बाण. पोरं वहीत उतरवून घ्यायची. शिडात वारा भरला की दोराला हिसका कसा बसतो, हे एकदा एका कोळ्याच्या मुलाने मला वर्गात उभं राहून सांगितलं होतं.

२०१८ च्या मेमध्ये त्या सहा जणी 'तारिणी' घेऊन जगाला वळसा घालून गोव्याला परत आल्या, तेव्हा मी टीव्हीसमोर उभी राहून पाहिलं. बसवेना. आणि तू चौघांत मिळून जुनी होडी घ्यायची म्हणालीस तेव्हा बाबाने घर डोक्यावर घेतलं, आणि मी गुपचूप बँकेत जाऊन तुझ्या नावावर पैसे पाठवले. (शेजारच्या मुला, इथवर वाचलंच असशील तर हे तुझ्या आईला सांगायचं नाही.) तेव्हा 'टिटवी'त माझाही हिस्सा आहे, आणि त्या हक्काने सांगते, ती बुडाली तर बुडू दे. फायबर आहे. दुसरी मिळते. पुन्हा गुपचूप बँकेत जाईन.

फार बोलले. रागावू नकोस. खरं तर तुम्ही लोकांनी हे दोन महिने ज्या तऱ्हेने काढलेत त्याचं मला हसू येतं आणि बरंही वाटतं. पंख्याच्या हुकाला टांगलेला दोर आणि त्याला लोंबकळणारी तू, तो फोटो मी सगळ्यांना दाखवला. दाराच्या कडीला मारलेल्या गाठी, जुन्या शिडाच्या शिवलेल्या पिशव्या. गच्चीवर चढून दुपारी खारा वारा किती वाजता लागला ते वहीत लिहितेस म्हणालीस, ती वही मला हवी आहे. माझ्या फळ्यावरच्या बाणांना वेळ कधीच नसायची, नुसतं दिवसा आणि रात्री. इतका वेळ आणि इतकी स्वच्छ हवा पुन्हा मिळायची नाही, तेव्हा लिहीत राहा. नाश्त्याला नुसती बिस्किटं खात जाऊ नकोस. वाट सुरू झाली की पहिल्या गाडीने आंबोशी आणि सोडे पाठवते, सोडे त्याच कोळणीचे.

आणि तो मोबाइलवरचा होड्यांच्या शर्यतीचा खेळ, ज्यात तू जगातल्या कुणाकुणाशी स्पर्धा करतेस, तो मला शिकव. शेजारचा मुलगा म्हणतो, शर्यत काही मिनिटांतच संपते आणि वारा कुठून येतो ते बाण काढून दाखवतात. बाण मला समजतात. वळायचं कधी ते तू सांग. रोज रात्री नऊ वाजता खेळू, आधी फोन तू करायचास. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे चालतील. त्याच्यावर उशीर झाला तर मी तुझ्या बाबाला उठवणार.

पौर्णिमेचं विचारलेलं राहू दे हवं तर. नको सांगूस. फक्त नऊला फोन कर.

तुझी
आत्या

ता. क. खेळात होडीला नाव द्यावं लागतं म्हणे. 'टिटवी' तुझ्याकडे असणारच, मला दुसरं काहीही चालेल, पण 'आजी' वगैरे लिहून ठेवू नकोस. आणि सुकाणू कोणत्या बोटाने फिरवायचं ते आधीच कळव, माझा उजवा अंगठा दुखतो.