कूलरच्या पाण्यात फिनाईल नको!

मैत्रिणींनो, नागपूरचा उन्हाळा म्हटला की कूलर आलाच. पाण्याला वास येऊ नये म्हणून कुणी टाकीत झाकणभर फिनाईल टाकतं, कुणी दुसरं जंतुनाशक. आजचा पाठ त्यावरच आहे.

दक्षिण कोरियात थंडीत हवा कोरडी पडते, म्हणून घरात पाण्याचं बारीक धुकं सोडणारं यंत्र लावतात. त्याची टाकी स्वच्छ राहावी म्हणून 1994 पासून बाजारात एक जंतुनाशक मिळायचं. 2011 मध्ये सोलच्या रुग्णालयात गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाया दम लागून येऊ लागल्या. आधी साथ वाटली. तपासाअंती कारण निघालं ते हेच जंतुनाशक. कितीतरी जणी आणि लहान मुलं दगावली. काहींची फुप्फुसं बदलावी लागली.

फरशीला चालतं ते श्वासाला का चालत नाही? फुप्फुसात फुग्यांसारख्या कोट्यवधी इवल्या पिशव्या असतात. त्यांची भिंत फार पातळ. रसायनाने ती भाजली की वण पडतो, फुगा ताठ होतो. हा वण औषधाने जात नाही.

दुखणं फार वाढलं तर शेवटचा उपाय फुप्फुस प्रत्यारोपण. त्यासाठी मेंदूमृत माणसाच्या घरच्यांचा होकार लागतो. रक्तगट आणि छातीचं माप जुळावं लागतं. काढलेलं फुप्फुस काही तासांतच बसवावं लागतं. विदर्भात अवयवदानाची जुळवाजुळव नागपूरचं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र करतं. खर्च लाखांत, गोळ्या जन्मभर. तरी नवं फुप्फुस कायम टिकेलच असं नाही.

म्हणून ताई, आधीच जपा :

1. कूलरच्या पाण्यात कसलंही रसायन टाकू नका. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा, वाळवा. डासही होणार नाहीत.
2. टीसीएल पावडर आणि संडासचं ॲसिड कधीच एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.
3. फिनाईल बनवणाऱ्या गटांनी काम मोकळ्या हवेत करावं, बाटलीवर नाव लिहावं.
4. वायू छातीत गेलाच तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत या, 108 ला फोन करा. थोड्या वेळाने बरं वाटलं तरी दवाखान्यात दाखवा. फुप्फुसाची सूज काही तासांनीही वाढते.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने सांगावं : आपल्या न्हाणीघरात कोणत्या बाटल्या शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत?